उघडून बघू : दादांचं कॅबिनेट आणि नवा मदरबोर्ड

मागच्या अंकात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबिनीवर दोन ओळी काय लिहिल्या, टपालातून रिबिनी राहिल्या बाजूला आणि जुनी कॅबिनेटंच यायला लागली. दिवाळीची झाडझूड तोंडावर आली, टांडावरचं सामान खाली उतरलं, त्याचा हा परिणाम. पाच पत्रं निवडली आहेत. पहिलं मोठं आहे आणि उत्तर त्याहून मोठं.

प्रश्न : काका, स. न. वि. वि. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, १९९४ मध्ये ४८६ डीएक्स-टू ६६ प्रोसेसरचा संगणक असेंबल करून घेतला होता. आडवं कॅबिनेट, त्याच्या डोक्यावर मॉनिटर. मंडळाच्या स्मरणिकेचं मराठी टायपिंग ते त्यावर करायचे. दादा गेल्यापासून तो टांडावर आहे. आई म्हणते, अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, देऊन टाक. मला ते जमत नाही. त्याच कॅबिनेटमध्ये रायझन ५ ५६००जी हा आजचा प्रोसेसर बसवून रोजच्या कामाला घ्यावा असं मनात आहे. पुढचं बटण दाबलं की पूर्वीसारखं 'टक' व्हावं आणि समोर मेगाहर्ट्झचा तो ६६ चा आकडा लागावा, एवढीच हौस. एका दुकानात दाखवलं, तर मागचा पत्रा ग्राइंडरनं कापावा लागेल म्हणाले. कापू का? चार फोटो सोबत जोडले आहेत.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नका कापू. ग्राइंडर त्या दुकानातच राहू द्या.

पण बसवण्याआधी तुमच्या तिसऱ्या फोटोबद्दल बोलू. त्यात एक गोष्ट दिसते आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही अवाक्षरही विचारलेलं नाही. मागून दुसऱ्या स्लॉटमध्ये एक लांबलचक कार्ड आहे, त्यावरच्या धुळीखाली 'जिस्ट' अशी अक्षरं आहेत. हे सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची ती या कार्डाच्या जोरावर. दादांची स्मरणिका यावर झाली. म्हणजे हार्ड डिस्कमध्ये त्यांच्या फायली असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या इस्कीत असतील. इस्की ही भारतीय लिप्यांसाठीची आपली प्रमाण संकेतावली, १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकानं आली. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून बेतलेला आहे, त्यामुळे तो मजकूर आजच्या मराठीत आणणं फारसं अवघड नाही. नंतरच्या काळातल्या, फक्त फॉन्टच्या भरवशावर चाललेल्या मराठी फायलींनी माझे जेवढे केस पिकवले, तेवढे इस्कीनं कधी पिकवले नाहीत.

तेव्हा पहिलं काम डिस्कचं. आणि कुतूहल म्हणून सुद्धा वायर लावून चालू करून बघू नका. कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपासारखा निळा सेल दिसतो का बघा. तो ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियमचा. तीस वर्षांत हा सेल गळला नसेल तर नवलच. गळतं ते अल्कली असतं, आणि ते मदरबोर्डवरचे तांब्याचे मार्ग खात जातं. हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल कापून काढा, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून ती जागा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. नंतर डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरला लावा. त्या काळातल्या काही लहान डिस्का हे अडॅप्टर ओळखतच नाहीत. तसं झालं तर ती डिस्क वाचणारं यंत्र एकच, दादांचं. म्हणून फायली हाती येईपर्यंत आतलं बाकी काही हलवू नका. फायली निघाल्या की मदरबोर्ड, रॅम आणि ते कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून खोक्यावर नाव-साल लिहून ठेवा. अटालेवाला त्याला किलोचा भाव देईल. तुम्ही देऊ नका.

आता बसवण्याचं. ग्राइंडरची गोष्ट निघते ती मागच्या बाजूमुळे. १९९५ मध्ये इंटेलनं मदरबोर्डच्या मापा-मांडणीचा एटीएक्स हा नमुना आणला, तेव्हापासून मदरबोर्डची सगळी सॉकेटं एका आडव्या चौकटीत बसायला लागली. तुमच्या कॅबिनेटला ती चौकटच नाही. मागे कीबोर्डच्या जाड पिनेसाठी एक गोल भोक आणि स्लॉटच्या उभ्या फटी, बस्स. दुकानदार म्हणतो, चौकट कापू. मी म्हणतो, मदरबोर्डला मागच्या भिंतीपर्यंत न्यायचंच कशाला?

मिनी-आयटीएक्स बोर्ड घ्या. १७० बाय १७० मिलिमीटर, तळहाताएवढा. तुमच्या कॅबिनेटच्या काळातला बेबी एटी बोर्ड २२० बाय ३३० च्या आसपास असायचा, म्हणजे जागा मुबलक. दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा जुन्या बोर्डाच्या मापानं कापून घ्या आणि जुन्या बोर्डाच्याच भोकांतून कॅबिनेटच्या तळाला स्क्रूनं घट्ट बसवा. त्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खुंट, स्टँडऑफवर नवा बोर्ड, मागच्या भिंतीपासून चार बोटं आत. मग एचडीएमआय, यूएसबी, लॅनच्या लहान एक्स्टेन्शन केबल स्लॉटच्या फटींतून बाहेर काढायच्या. स्लॉटच्या मापाच्या पट्टीवर बसवलेली यूएसबी सॉकेटं तयार मिळतात, सिल्व्हर मॉलमध्ये दोन-चार दुकानं फिरलात की हाती लागतील. मूळ पत्र्याला एकही नवं भोक पडत नाही. उद्या तुमच्या मुलाला ४८६ पुन्हा बसवावासा वाटला तर पत्रा काढायचा आणि बसवायचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडाल ती कॅबिनेटच्या बाहेर, अंगणात. ॲल्युमिनियमचा एक कीस बोर्डाखाली अडकला की शॉर्ट.

आडव्या कॅबिनेटमध्ये आणखी एक गोम असते. फ्लॉपी आणि डिस्कचा पिंजरा बोर्डाच्या अंगावर झुकलेला असतो, त्याच्याखाली कूलर मावेल की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. इथे माझी सौ. कामाला येते. पुठ्ठ्याचा १७० मिलिमीटरचा चौकोन कापायचा, प्रोसेसर जिथे येणार तिथे खूण करायची, पुठ्ठा पत्र्यावरच्या स्टँडऑफवर ठेवायचा आणि खुणेवर कणकेचा गोळा उभा करायचा. जरा घट्ट कणीक, पुरीची. मग पिंजरा बसवून झाकण सावकाश लावायचं आणि काढायचं. गोळा जितका दबून उरला, तितकीच उंची तुमच्या हातात. बोर्डाची जाडी आणि प्रोसेसरचं सॉकेट धरून त्यातून एक सेंटिमीटर वजा करा, आणि जे उरेल त्याहून बुटका कूलर घ्या. माझ्याकडच्या कॅबिनेटमध्ये गोळा सहा सेंटिमीटर उरला होता. प्रोसेसरच्या डब्यासोबत आलेला कूलर बसला नाही, बुटका आणावा लागला. ती कणीक नंतर गाईला दिली, घरात त्यावरून चर्चा झाली, ते असो.

एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, माप टेपनं घ्या. ८६ मिलिमीटर उंच आणि १५० रुंद असा डबा काढलात तर आजचा एटीएक्स एसएमपीएस त्याच जागी बसेल. १९९४ च्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये तसंच असतं. जुना डबा उघडायचा मात्र नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या पुढचा साठा राहू शकतो, प्लग काढल्यावरही.

रायझनबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. ५६००जी चा टीडीपी, म्हणजे काम करताना किती उष्णता निघते त्याचा आकडा, ६५ वॅट. ४८६ चं काम चार-पाच वॅटमध्ये भागायचं, त्यामुळे त्या कॅबिनेटात हवा खेळवण्याची सोय म्हणजे एसएमपीएसमधला एक ८० मिलिमीटरचा फॅन. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसला टेकतो आणि ते कॅबिनेट बसणार भिंतीला चिकटवलेल्या टेबलावर. टायपिंग, बँकेची कामं, फोटो, यूट्यूब एवढंच असेल तर इंटेल एन१०० लावलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड घ्या. टीडीपी ६ वॅट, चार कोअर, काही बोर्डांवर तर फॅनसुद्धा नाही. रायझनच हवा असेल तर रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून ठेवा आणि पुढच्या जाळीच्या आत एक ८० मिलिमीटरचा फॅन हवा आत ओढेल असा लावा.

आता बटण. इथे नीट वाचा.

तुमच्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणाला जाड काळी केबल गेलेली आहे, तिच्यात चार वायरी : काळी, पांढरी, तपकिरी, निळी. ती केबल थेट एसएमपीएसमधून येते आणि तिच्यात घरातली वीज असते, २३० व्होल्ट. तेव्हाचं बटण खरोखरच दिवा लावावा तसं वीज तोडायचं-जोडायचं. आजच्या मदरबोर्डवर पॉवर स्विचच्या दोन पिना असतात आणि तिथे काम चालतं तीन-पाच व्होल्टवर. त्या पिनांना ही केबल चुकून लागली तर बोर्ड मेला, आणि हात मध्ये असेल तर माणूसही. या चार वायरींची नुसती जोडी चुकली तरी शॉर्ट होऊन घराचा फ्यूज उडतो. मी १९९१ मध्ये स्वतः उडवला आहे, रामबागेतल्या खोलीत, ऐन रंगपंचमीच्या दिवशी. मालक वरच्या मजल्यावरून ओरडले ते गल्लीतल्या गेरच्या मिरवणुकीच्या गोंगाटातही ऐकू आलं. तेव्हा ती केबल जुन्या एसएमपीएससकट पूर्ण बाहेर काढायची. बटण तेवढं जागेवर ठेवायचं.

उरलेल्या बटणाची अडचण वेगळी. ते दाबलं की आत अडकतं आणि पुन्हा दाबलं की सुटतं. नव्या बोर्डाला मात्र क्षणभर टेकलेलं बटण लागतं. चार-पाच सेकंद दाबून राहिलं की बोर्ड समजतो, मालकाला जबरदस्तीनं बंद करायचं आहे. म्हणजे तुम्ही बटण दाबणार, संगणक चालू होणार आणि विंडोज यायच्या आत बंद पडणार. पुष्कळ लोक इथे हात टेकतात आणि रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावतात. रिसेट क्षणिकच असतं, त्यामुळे काम चालतं. पण तुम्हाला 'टक' हवं आहे, आणि ते रिसेटमध्ये नाही.

मी केलं ते असं. पॉवर बटणाच्या दोन पायांना, फक्त एकाच जोडीला, नव्या पातळ वायरी झाळल्या. त्यातल्या एका वायरीत ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मध्ये घातला आणि कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर. दोन्ही जेल रोडवर चिल्लरमध्ये मिळतात. बटण दाबून अडकलं की रिकामा कपॅसिटर भरेपर्यंत, म्हणजे क्षणभर, बोर्डाला पिना जुळल्यासारख्या वाटतात. भरला की बोर्डाच्या लेखी बटण सुटलं, तुमच्या लेखी मात्र ते आतच आहे. बटण बाहेर काढलं की रेझिस्टर कपॅसिटरला रिकामा करतो, पंधरा-वीस सेकंदांत पुढच्या वेळेसाठी तयार. कपॅसिटरची अधिक बाजू बोर्डाच्या ज्या पिनेवर व्होल्टेज दिसतं तिकडे, मीटर लावून बघा.

याचा एक परिणाम असा की बंद करताना आधी विंडोजमधून शटडाउन द्यायचं, पडदा काळा झाला की बटण दाबून बाहेर काढायचं. विंडोज ९५ वापरलेल्यांना हे आठवेल. तेव्हा पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची, आणि मग आपण उठून 'टक' करायचो. दादाही तसंच करत असतील.

६६ चा आकडा अगदी सोपा. गुपित सांगतो, तो आकडा काहीही मोजत नव्हता. मागच्या छोट्या बोर्डावर जंपर असतात, प्रत्येक जंपर आकड्याची एकेक दांडी लावतो किंवा विझवतो. टर्बोचं, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याचं, बटण दाबलं की जंपरचा दुसरा संच, बाहेर असलं की पहिला. प्रोसेसरशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नव्वदच्या सुमारास ३३ चा बोर्ड घालून पुढे ४० लावून विकलेली मशीनं मी उघडली आहेत. गिऱ्हाईक खूश असायचं, मी गप्प बसायचो. तुम्हाला ५ व्होल्ट पुरवायचे, एवढंच. एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या मोलेक्समधली लाल आणि काळी घ्या. पिवळी अजिबात नाही, ती १२ व्होल्टची असते. जंपरांना हात लावू नका, म्हणजे ६६ जसाचा तसा लागेल.

किल्लीचं कुलूप आता कशालाच जोडता येणार नाही. किल्ली मात्र कुलपातच ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे १९९६ चं टॉवर कॅबिनेट आहे. आत नवं सगळं बसवून झालं, मस्त चालतंय. पण पुढचं प्लास्टिक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं पडलंय, बाजूचे पत्रे मात्र स्वच्छ. साबण, कॉलिन, थिनर सगळं करून पाहिलं. रंग मारू का?
– लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : थिनर पुन्हा लावू नका, प्लास्टिक विरघळेल. रंगही नको. हा मळ नाहीच, म्हणून साबणाला दाद देत नाही. ते प्लास्टिक एबीएस असतं आणि आग पकडू नये म्हणून त्यात ब्रोमिनचं रसायन मिसळलेलं असतं. ऊन आणि ऊब यांनी ते वर्षानुवर्षं बदलत जातं. कंपनीच्या नावाची पट्टी हळूच उचकटून पाहा, तिच्याखाली मूळ रंग सापडेल. तोच तुमचा नमुना.

उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. केमिस्टकडचं ६ टक्क्यांचं चालतं, पण वेळ खातं. केस रंगवणाऱ्यांच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर मिळतं, ते १२ टक्क्यांचं, घट्ट असल्यामुळे जागेवर राहतं. आतले दिवे, बटणं, वायरी, स्प्रिंगा, स्टिकर सगळं काढा, उघडं प्लास्टिक धुऊन वाळवा. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून ब्रशनं क्रीम लावा, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. ग्वाल्हेरचं ऊन या कामाला उत्तम. दर अर्ध्या तासाला फिल्म उचलून क्रीम फिरवायचं, वाळू द्यायचं नाही. संध्याकाळी धुऊन बघा, दोन दिवसही लागतात.

फिल्म ताणून लावा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा फिल्मला चुण्या पडल्या, मी जेवून झोपलो, आणि चार वाजता पाहतो तर पॅनेलवर वाघासारखे पट्टे. ते पॅनेल अजून आहे. नातू त्याला 'वाघ्या' म्हणतो.

रंग उघडला तरी काही वर्षांत तो पुन्हा थोडा पिवळा पडू शकतो. खिडकीपासून दूर ठेवा.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या जुन्या शाळेनं अडगळ काढली त्यातून मला बीबीसी मायक्रो मिळाला, वर लाल फंक्शन की असलेला. चालू केला नाही. आतला बोर्ड काढून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवायचा आहे, कीबोर्ड तोच ठेवून. रेट्रो गेमिंगसाठी. कसं करू?
– भंवरकुआँ, इंदूर

उत्तर : चालू केला नाहीस हे फार बरं केलंस. आता तसाच ठेव आणि हे वाच.

तुझ्या हाती आलेलं यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं १९८१ मध्ये काढलं. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल बी असेल तर ३२ केबी रॅम. १९८४ मध्ये भारत सरकारनं शाळांत संगणक शिकवण्याची 'क्लास' योजना सुरू केली तेव्हा याचीच निवड झाली होती. माझ्या पिढीतल्या कित्येक मास्तरांनी आयुष्यातली पहिली की दाबली ती यावर. मी पण त्यातलाच, कॉलेजात असताना एका शाळेत मदतीला जायचो. चालू करताना तो दोन सुरांत 'बू-बीप' करतो, तो आवाज ऐकला की मुलं आपोआप गप्प बसायची.

आता गंमत ऐक. याच एकॉर्ननं १९८५ मध्ये पहिली आर्म ही प्रोसेसर चिप बनवली, आणि ती बनवताना हाताशी बीबीसी मायक्रोच होते. २०१२ मध्ये केंब्रिजमध्येच निघालेला रास्पबेरी पाय आर्मवर चालतो, त्याच्या मॉडेलना ए आणि बी ही नावं दिली तीही बीबीसी मायक्रोच्या आठवणीनं. म्हणजे पाय हा त्याचा नातू. नातवाला आजोबांच्या घरात ठेवायला माझी ना नाही, पण आजोबा गेलेत का, हे आधी बघशील की नाही?

बहुतेक वेळा गेलेले नसतात. याच्या पॉवर सप्लायमध्ये वीज गाळणारे कपॅसिटर असतात, पारदर्शक पिवळट आवरणाचे. त्या आवरणाला बारीक तडे जातात, ओल आत शिरते, आणि वर्षांनी चालू केला की दहा-पंधरा मिनिटांत धूर आणि न जाणारी दुर्गंधी. लोक घाबरून फेकून देतात. मेलेले असतात फक्त ते कपॅसिटर. चालू करण्याआधीच ते बदलून घे, त्याच व्होल्टेजचे आणि मेन्ससाठीच बनवलेले एक्स-टू वर्गाचे. हे काम पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घे, स्वतः नको. मग वीज दे. 'बू-बीप' झालं तर बोर्डाला हात लावायचा नाही. पाय एका वेगळ्या डबीत ठेव आणि गेम त्यावर खेळ.

बोर्ड खरंच गेला असेल, म्हणजे दोन जाणकारांनी पाहून सांगितलं असेल, तर पुन्हा लिही. कीबोर्ड पायला कसा जोडायचा ते तेव्हा सांगेन.

प्रश्न : जुन्या कॅबिनेटमध्ये नवा पीसी तयार केला, पण जुना खडखडीत कीबोर्ड लावता येत नाही, त्याची पीन जाड गोल आहे. बाजारात मिळालेली साधी पीन-बदली लावूनही यूएसबीवर चालला नाही. कीबोर्ड बिघडला का?
– दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बिघडला असं नाही. जाड पाच पिनांची डिन आणि बारीक सहा पिनांची पीएस-टू या दोघींची भाषा एकच, म्हणून त्यांच्यामध्ये नुसती पीन-बदली चालते. यूएसबीची भाषा वेगळी. तिथे आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, पीएस-टू ते यूएसबी, थोडा जाड डबीसारखा दिसतो. नुसत्या बदलीत चिप नसते. नव्या मदरबोर्डवर जांभळं गोल सॉकेट असेल तर मात्र यूएसबीच्या वाटेला जाऊच नका, डिन ते पीएस-टू लावा आणि संगणक बंद असतानाच लावा.

एक बघा, कीबोर्डाच्या पोटाशी एक्सटी-एटी असा सरकवायचा खटका आहे का? तो एक्सटीकडे असेल तर काहीच चालणार नाही, ती भाषा आणखी जुनी. वडोदऱ्यात आमचे एक मेहुणे याच खटक्यापायी महिनाभर कन्व्हर्टर बदलत होते.

प्रश्न : भाऊ, तुमचे लेख वाचून आमच्या ह्यांनी गॅलरीत पाच रिकामी कॅबिनेटं आणून ठेवली आहेत. तुळशीला पाणी घालायला जागा नाही. ह्यांना सांगून उपयोग नाही, तुम्ही सांगा. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?
– रामबाग, इंदूर

उत्तर : वहिनी, गुन्हा कबूल.

पाचांपैकी ज्यांच्या मागे आडवी चौकट आहे, म्हणजे आजच्या संगणकासारखी मागची बाजू, ती द्या अटालेवाल्याला. तशी पुष्कळ मिळतात. ज्यांच्या मागे कीबोर्डचं एकच गोल भोक आहे ती ठेवा, पण गॅलरीत नाही. पावसाळ्यात तळाचा पत्रा आतून गंजतो आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. तळाला हात फिरवून बघा, खरखर लागली तर तेही द्या.

देण्याआधी प्रत्येकाच्या आत डोकवा. निळा सेल किंवा नाण्यासारखा चपटा सेल असेल तर काढून घ्या आणि कचऱ्याच्या गाडीला घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात टाका, ओल्या-सुक्यात नाही. आणि कुठल्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी अडकलेली असली तर तीही काढा. मागच्या वर्षी तशा एका फ्लॉपीत एका घरच्या लग्नाची निमंत्रणांची यादी निघाली होती. तुमच्या पाचांत काय निघतं ते मला कळवा, आणि तुळस तेवढी आधी उन्हात सरकवा.